एका मताचे अंतर

२४ जून १७८४ रोजी, सेंट जॉन बाप्तिस्त यांच्या जन्माच्या सणादिवशी, अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात दोरखंडांनी जमिनीशी जखडलेला एक फुगा आकाशात चढला. फुगा तयार करणारे पीटर कार्न्स हे गृहस्थ वकिलीही करीत आणि खाणावळही चालवीत. देहाने ते भारदस्त होते. फुग्याला त्यांचा भार पेलवेना. तेव्हा गर्दीतून एडवर्ड वॉरेन नावाचा तेरा वर्षांचा मुलगा पुढे झाला आणि फुग्यासोबत वर गेला. अमेरिकेच्या भूमीवरून फुग्यातून वर गेलेला तो पहिला माणूस. आपल्या गावची छपरे, परसे आणि अंगणे वरून पाहणारा पहिला बाल्टिमोरकरही बहुधा तोच. त्याच्या धिटाईचे मोठे कौतुक झाले. वरून पाहणाऱ्याचे कौतुक व्हावे असाच तो काळ होता.

बाल्टिमोर हे नाव मला प्रथम भेटले ते सेमिनरीत, ख्रिस्तसभेच्या इतिहासाच्या तासाला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पहिला कॅथलिक धर्मप्रांत १७८९ साली तेथे स्थापन झाला. जॉन कॅरल हे त्याचे पहिले बिशप. तेथील बिशपांच्या तीन महासभा १८५२, १८६६ आणि १८८४ साली याच शहरात भरल्या. परीक्षेपुरते एवढे पाठ केले की विद्यार्थ्याची सुटका होत असे. पुढे वाचन वाढले तसे ध्यानात आले की या नगरीला आणखी एक इतिहास आहे. तो धर्मेतिहासाच्या पुस्तकात नाही, पण धर्मगुरूंची नावे वगळून तो सांगताही येत नाही. तो आहे पाळतीचा इतिहास. राज्यसत्तेने, आणि विशेषतः तिच्या लष्कराने, आपल्याच नागरिकांवर नजर ठेवण्याचा. आज मानवरहित विमाने, ज्यांना आपण सर्रास ड्रोन म्हणतो, शहरांवर घिरट्या घालू लागली असताना हा इतिहास आठवणे अगत्याचे वाटते.

मेरीलँडची वसाहत १६३४ साली वसली ती लॉर्ड बाल्टिमोर या कॅथलिक सरदार घराण्याच्या पुढाकाराने. ख्रिस्ती पंथांना एकमेकांशी सहिष्णुतेने वागण्यास सांगणारा कायदा तिने १६४९ साली केला. परंतु १६८९ मध्ये सत्तापालट झाला आणि ज्यांनी दार उघडले होते त्यांच्याच तोंडावर ते लावले गेले. १७०४ साली गव्हर्नर सिमोर यांनी सेंट मेरीज सिटी येथील विटांच्या चॅपेलला कुलूप ठोकण्याचा हुकूम शेरीफला दिला. त्यानंतर सुमारे पाऊणशे वर्षे कॅथलिकांची मिस्सा झाली ती खाजगी घरांत. घराची भिंत हीच चर्चची भिंत झाली. सरकारने घराच्या उंबरठ्याबाहेर थांबावे, ही गोष्ट त्या लोकांना पुस्तकातून शिकावी लागली नाही. (येथे एक कटू सत्य नोंदविले पाहिजे. त्याच कॅथलिक जमीनदारांच्या आणि येशूसंघीयांच्या मळ्यांवर गुलाम राबत होते. मेरीलँडच्या येशूसंघीयांनी १८३८ साली २७२ गुलाम विकले. त्या माणसांच्या झोपड्यांना उंबरठा असतो असे कोणाच्या मनातही आले नाही. या वंशाची पुढची हकिकत ओघात येईलच.)

बिशप कॅरल यांचे थोरले बंधू डॅनियल कॅरल यांनी १७८७ साली अमेरिकेच्या राज्यघटनेवर सही केली आणि पहिल्या काँग्रेसमध्ये ते सभासद होते. त्याच काँग्रेसने घटनेला जोडलेल्या दुरुस्त्या १७९१ मध्ये अमलात आल्या. त्यांतील चौथी दुरुस्ती सांगते की, नागरिकाचा देह, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची गैरवाजवी झडती होता कामा नये, आणि सबळ कारण शपथेवर सांगितल्याखेरीज झडतीचे वॉरंट निघता कामा नये. आकाशाचा उल्लेख तिच्यात नाही. एडवर्ड वॉरेन सात वर्षांपूर्वीच वर जाऊन आला होता; पण फुगा ही तेव्हा जत्रेतील गंमत होती, शिपाई तीत बसेल असे कोणाला वाटावे!

लष्कर आणि नागरी कारभार यांच्यामधली दुसरी भिंत १८७८ सालची. त्या वर्षीच्या कायद्याने सैन्याला देशांतर्गत पोलिसाचे काम करण्यास मनाई केली. आज नागरी स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते या कायद्याचा अभिमानाने दाखला देतात. तो ज्या कारणाने झाला ते मात्र अभिमानास्पद नव्हते. यादवी युद्धानंतर दक्षिणेत नवमुक्त कृष्णवर्णीयांच्या मतदानाला संरक्षण देणारे सैन्य तेथील गोऱ्यांना नकोसे झाले होते. त्याचे हात बांधण्यासाठी हा कायदा आला. चांगली भिंतसुद्धा कधीकधी वाईट हेतूने बांधली जाते.

आता एकदम १९६०च्या दशकात यावे लागेल. व्हिएतनामचे युद्ध पेटलेले, शहरांतून वांशिक दंगली उसळलेल्या. बाल्टिमोरच्या आग्नेय भागात फोर्ट होलाबर्ड नावाचे लष्करी ठाणे होते. सेनादलाच्या गुप्तवार्ता विभागाचे मुख्यालय आणि त्याचे प्रशिक्षण विद्यालय तेथे होते. दंगलीच्या वेळी सैन्य बोलवावे लागले तर पूर्वमाहिती हवी, एवढ्या माफक कारणाने सुरू झालेले काम बघता बघता फोफावले. हजाराहून अधिक साध्या वेशातील हेर देशभर सभा, मोर्चे आणि प्रार्थनासभांतून हिंडू लागले. त्यांनी धाडलेले अहवाल होलाबर्डच्या संगणकात जमा होत. ज्या काळी संगणक एक दालन व्यापीत असे, त्या काळची ही गोष्ट. पुढे सिनेटच्या चौकशीत उघड झाले की सेनादलाने सुमारे एक लाख नागरिकांची टिपणे गोळा केली होती.

ही चौकशी करणाऱ्या १९७५-७६ च्या समितीला ‘चर्च समिती’ म्हणतात. आपल्या वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. तिचे अध्यक्ष फ्रँक चर्च नावाचे सिनेटर होते, इतकेच. परंतु तिच्या अहवालात आपल्या ओळखीची माणसे भेटतात. लष्करी हेर कोलोरॅडोमधील चर्चच्या युवक संघटनांच्या आघाडीत शिरले होते. वॉशिंग्टन येथे लहान मुलांच्या हॅलोविनच्या मेजवानीला एक हेर हजर राहिला, कारण तेथे कोणी सरकारविरोधी माणूस येईल असा संशय. आणि त्याच शहरात संततिनियमनावर विचारविनिमय करण्यासाठी भरलेल्या धर्मगुरूंच्या परिषदेलाही लष्कराने आपला माणूस पाठविला होता! ‘हुमाने व्हिते’ या १९६८ च्या परिपत्रकावरून वॉशिंग्टनमधील धर्मगुरू आणि त्यांचे आर्चबिशप यांच्यात केवढे वादळ उठले होते हे सर्वश्रुत आहे. पण अशा चर्चेने राष्ट्राच्या संरक्षणास कोणता धोका पोहोचणार होता, हे तो बिचारा हेर तरी सांगू शकला असता काय? हा तपशील वाचताना मला प्रथम हसू आले. मग त्या खोलीत बसलेल्या धर्मगुरूंचा विचार मनात आला. विवेकाचा पेच मोकळेपणाने बोलावा म्हणून ते एकत्र जमले असतील, आणि त्यांच्यातील एक जण त्यांचा नव्हता.

आम्ही धर्मगुरूसुद्धा नोंदी ठेवतो. बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न, मृत्यू यांच्या वह्या धर्मग्रामाच्या कपाटात पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या असतात. पण ज्याची नोंद आहे त्याला ती ठाऊक असते, तो तिचा उतारा मागू शकतो, चूक असेल तर दुरुस्ती मागू शकतो. आणि पापनिवेदनात जे कानी येते ते कोणत्याच वहीत उतरत नाही. होलाबर्डच्या वहीत नेमके उलटे होते. कानी आलेले सर्व तीत उतरत होते, आणि ज्याच्याविषयी ते होते त्यालाच त्याचा पत्ता नव्हता.

याच वर्षांत, याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन धर्मगुरू कागद जाळीत होते. फादर फिलिप बेरिगन हे दुसऱ्या महायुद्धात तोफखान्यात लढलेले, पुढे जोसेफाइट संस्थेत दाखल झालेले आणि बाल्टिमोरच्या कृष्णवर्णीय वस्तीतील सेंट पीटर क्लेव्हर धर्मग्रामात काम करणारे. त्यांचे बंधू फादर डॅनियल हे येशूसंघीय आणि कवी. १७ मे १९६८ रोजी बाल्टिमोरच्या कॅटन्सव्हिल या उपनगरात या दोघांसह नऊ कॅथलिकांनी सक्तीच्या लष्करभरतीच्या कचेरीतून ३७८ फायली उचलल्या, बाहेरच्या मोकळ्या जागेत घरी बनविलेल्या नापामने त्या पेटविल्या आणि प्रार्थना करीत पोलिसांची वाट पाहत उभे राहिले. त्यांच्या या कृत्याविषयी त्या काळी पुष्कळ श्रद्धावंत अस्वस्थ झाले, आणि मीही त्याबाबत पूर्ण निःशंक नाही. सरकारी दप्तर जाळणारा धर्मगुरू उद्या दुसऱ्याने चर्चचे दप्तर जाळले तर त्याला काय सांगणार? पण त्यांनी जे केले ते भरदिवसा, तोंड न लपविता केले, आणि त्यासाठी ते तुरुंगात गेले. होलाबर्डच्या हेरांविषयी एवढे म्हणता येत नाही. फादर डॅनियल शिक्षा भोगण्यास हजर न होता चार महिने भूमिगत राहिले. ऑगस्ट १९७० मध्ये ब्लॉक आयलंडवर एफबीआयचे लोक पक्षिनिरीक्षकांच्या वेशात आले आणि त्यांना पकडून घेऊन गेले.

पाळतीचे बिंग फोडले ते लष्कराच्याच माणसाने. ख्रिस्तोफर पाइल हे होलाबर्डच्या विद्यालयात शिकविणारे कॅप्टन. नागरिकांवरील या हेरगिरीची माहिती त्यांना तेथेच मिळाली. सैन्यातून बाहेर पडल्यावर जानेवारी १९७० मध्ये ‘वॉशिंग्टन मंथली’ या मासिकात त्यांनी लेख लिहिला आणि एकच खळबळ उडाली. पुढे शंभरावर माजी हेरांना त्यांनी बोलते केले. १९७१ साली सिनेटर सॅम अर्विन यांनी या प्रकरणाची जाहीर सुनावणी घेतली. हे अर्विन म्हणजे बायबल मुखोद्गत असलेले, घटनेच्या प्रत्येक शब्दाला जपणारे दाक्षिणात्य गृहस्थ. आणि याच अर्विन यांनी कृष्णवर्णीयांना समान हक्क देणाऱ्या कायद्यांना वर्षानुवर्षे विरोध केला होता. माणूस क्वचितच एका रेषेत बसतो.

ज्यांच्यावर पाळत होती त्यांनी न्यायालयात धाव घेतली. युद्धास विवेकबुद्धीने नकार देणाऱ्या तरुणांना मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेचे कार्यवाह आर्लो टेटम यांच्या नावाने तो खटला ओळखला जातो. त्यांचे म्हणणे साधे होते: लष्कर आपली टिपणे ठेवते हे कळले की माणूस सभेला जायला कचरतो, सही करायला कचरतो, बोलायला कचरतो; ही धास्ती हेच आमचे नुकसान. २६ जून १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांना परत पाठविले. नुसती धास्ती पुरेशी नाही, प्रत्यक्ष इजा दाखवा, असे बहुमताने म्हटले. त्या पाचांतील एक मत न्यायमूर्ती रेंक्विस्ट यांचे होते. वर्षभरापूर्वीच न्यायखात्याचे अधिकारी या नात्याने त्यांनी अर्विन यांच्या समितीपुढे सरकारची बाजू मांडली होती. त्यांनी बाजूला व्हावे अशी मागणी झाली. त्यांनी नकार दिला. ते बाजूला झाले असते तर चार विरुद्ध चार अशी बरोबरी होऊन खालच्या न्यायालयाचा, म्हणजे टेटम यांच्या बाजूचा, निकाल कायम राहिला असता.

फोर्ट होलाबर्ड १९७३ साली बंद झाले. त्यातील एका इमारतीचा मात्र १९७४ मध्ये पुन्हा उपयोग झाला: वॉटरगेट प्रकरणात शिक्षा झालेल्या जॉन डीन प्रभृतींना तेथे बंदिवासात ठेवले होते. इतिहासालाही विनोदबुद्धी असते.

आता मान वर करू या. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात दावीद राजा संध्याकाळी बिछान्यावरून उठतो आणि राजवाड्याच्या गच्चीवर येरझारा घालू लागतो. तेथून त्याला एक स्त्री स्नान करताना दिसते. प्रवचनात आम्ही दावीदाच्या वासनेवर बोलतो, उरीयाच्या खुनावर बोलतो. गच्चीवर मात्र फारसे कोणी बोलत नाही. बथशेबा चव्हाट्यावर नव्हती. तिच्या सभोवती आडोसा होता, पण वर आडोसा नव्हता, आणि गावात सर्वांत उंच गच्ची राजाची होती.

अमेरिकेच्या न्यायालयांपुढे हा गच्चीचा प्रश्न वारंवार आला. १९८६ साली कॅलिफोर्नियातील एका माणसाने परसात दोन उंच कुंपणे घालून आत गांजा लावला होता. पोलिसांनी विमान भाड्याने घेऊन हजार फुटांवरून तो पाहिला. न्यायालय म्हणाले की वरून कोणीही प्रवासी पाहू शकतो, वॉरंटाची गरज नाही. पाच विरुद्ध चार. १९८९ साली फ्लोरिडात चारशे फुटांवरील हेलिकॉप्टर आले; पुन्हा तोच निष्कर्ष, पुन्हा पाच विरुद्ध चार. २००१ साली घराच्या भिंतीतून झिरपणारी उष्णता टिपणाऱ्या यंत्राचा खटला आला, तेव्हा मात्र काटा दुसरीकडे झुकला. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया हे निष्ठावंत कॅथलिक आणि कडवे परंपरावादी. घरातील स्त्री रोज किती वाजता स्नान करते हेदेखील असल्या यंत्राने कळू शकेल, असे उदाहरण त्यांनी दिले. ते लिहिताना बथशेबा त्यांच्या डोळ्यांपुढे होती की नाही कोण जाणे! तोही निकाल पाच विरुद्ध चार. २०१८ साली मोबाइल फोनच्या मनोऱ्यांत साठलेल्या नोंदींवरून माणसाचा दिनक्रम शोधण्यासाठी वॉरंट हवे असे ठरले, तेही पाच विरुद्ध चार. एवढ्या मोठ्या प्रजासत्ताकात छपरावरचे आकाश कोणाचे, हा प्रश्न सदैव एका मताच्या अंतरावर लटकत राहिला आहे.

दरम्यान गच्ची उंच होत गेली. अफगाणिस्तान आणि इराकच्या युद्धांत ड्रोन हे लष्कराचे नेहमीचे साधन झाले. देशाच्या भूमीवर ते वापरण्यास संरक्षण खात्याने २००६ साली बंधन घातले: वरिष्ठांची, बहुतेक वेळी खुद्द संरक्षणमंत्र्यांची, संमती हवी. हे बंधन पाळले गेले काय, याची तपासणी खात्याच्याच महानिरीक्षकांनी केली. २००६ ते २०१५ या काळात नागरी कामासाठी असा वापर वीसपेक्षा कमी वेळा झाला आणि तो कायद्यात बसणारा होता, असा त्यांचा निर्वाळा. त्या अहवालात एक गमतीदार प्रसंग आहे. एका शहराच्या महापौरांनी मरीन दलाला विनंती केली की रस्त्यांवरील खड्डे शोधायला तुमचे ड्रोन द्या. दलाने नकार दिला. खड्ड्यांसाठी लष्करी विमान मागणारा महापौर भेटला की आपल्यालाही तो परका वाटत नाही. पण गंमत बाजूला ठेवली तर ध्यानात येते की युद्धातील साधन नागरी कामाला मागणारा हात नेहमी दुष्टच असतो असे नाही. तो पुष्कळदा अडचणीत सापडलेला असतो.

बाल्टिमोरजवळच्या ॲबर्डीन येथील लष्करी तळावर २०१४ च्या अखेरीस दोरखंडाने बांधलेला एक प्रचंड फुगा सुमारे दहा हजार फुटांवर चढविण्यात आला. दुसरा पुढील वर्षी. लांबी ७४ मीटर. राजधानीकडे येणारी क्षेपणास्त्रे रडारने हेरणे हे त्यांचे काम. नागरिकांवर कॅमेरे रोखणार नाही, असे सेनादलाने सांगितले; शहरवासीयांना त्या शब्दावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. २८ ऑक्टोबर २०१५ रोजी एका फुग्याने दावे तोडले आणि आपला मैलभर दोर फरफटत, विजेच्या तारा तोडीत, हजारो घरे अंधारात बुडवीत तो पेनसिल्व्हेनियात जाऊन पडला. मागोमाग दोन लढाऊ विमाने पहारा देत होती. एडवर्ड वॉरेनच्या फुग्याने निदान कोणाची वीज तोडली नव्हती.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये फ्रेडी ग्रे हा पंचविशीतील कृष्णवर्णीय तरुण पोलिसांच्या ताब्यात असताना मानेला दुखापत होऊन मरण पावला. बाल्टिमोर पेटले. निदर्शकांच्या डोक्यावर रात्री एफबीआयची विमाने फिरली. अंधारात उष्णता टिपणारे कॅमेरे त्यांत होते. त्या वर्षापासून शहरात हत्यांचे सत्र सुरू झाले. सहा लाखांच्या आसपास वस्तीच्या या नगरीत २०१५ ते २०२२ या आठ वर्षांत एकाही वर्षी तीनशेपेक्षा कमी खून पडले नाहीत, आणि मेलेले बहुतेक तरुण कृष्णवर्णीय होते.

अशा वेळी एक वैमानिकी उपाय पुढे आला. रॉस मॅकनट हे हवाई दलाचे निवृत्त अधिकारी. इराकमध्ये रस्त्याकडेला सुरुंग पेरणाऱ्यांचा माग काढण्यासाठी त्यांनी एक पद्धत विकसित केली होती. विमानात अनेक कॅमेरे जोडून सबंध शहराचे दर सेकंदाला एक छायाचित्र घ्यायचे. स्फोट झाला की छायाचित्रे उलट क्रमाने पाहत जायचे, म्हणजे पेरणारा कोठून आला ते कळते. निवृत्तीनंतर त्यांनी ओहायोतील डेटन येथे कंपनी काढली आणि तीच पद्धत शहरांच्या पोलिसांना देऊ केली. जानेवारी २०१६ पासून त्यांचे छोटे सेसना विमान बाल्टिमोरवर घिरट्या घालू लागले. (विमानात माणूस होता, म्हणून काटेकोरपणे पाहता त्याला ड्रोन म्हणता येणार नाही. पण कॅमेऱ्याखाली चालणाऱ्याला त्याने काय फरक पडतो?) खर्च टेक्सासच्या एका धनाढ्य दांपत्याच्या देणगीतून झाला, त्यामुळे अंदाजपत्रकात तो दिसला नाही आणि त्यावर कोठे मतही घ्यावे लागले नाही. ऑगस्टमध्ये एका साप्ताहिकाने वाचा फोडली तेव्हा नगर परिषदेच्या सभासदांनाही नागरिकांबरोबरच कळले.

टीकेनंतर विमान थांबले. परंतु खून थांबले नाहीत. २०२० साली पोलिसांनी, या वेळी जाहीर सभा घेऊन, सहा महिन्यांचा प्रयोग पुन्हा मांडला. १ मे ते ३१ ऑक्टोबर तो चालला. दिवसाउजेडी सुमारे बारा तास, शहराचा नव्वद टक्के भाग, एका छायाचित्रात ३२ चौरस मैल. चेहरा दिसत नव्हता. माणूस म्हणजे एक ठिपका. छायाचित्रे ४५ दिवस ठेवायची, आणि गंभीर गुन्ह्याच्या तपासापुरतीच पाहायची. योजनेचे पुरस्कर्ते म्हणत, ठिपक्याला कसले आले आहे खाजगीपण?

याच काळात, जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर, २९ मे २०२० रोजी सीमा संरक्षण विभागाचे एक प्रीडेटर ड्रोन मिनियापोलिसच्या निदर्शकांवर फिरले. मूळचे युद्धासाठी घडविलेले हे यंत्र सीमेवर देखरेख करण्यासाठी म्हणून घेतलेले होते. पुढच्या दिवसांत नॅशनल गार्डची टेहळणी विमानेही काही शहरांवर उडाली. हवाई दलाच्या महानिरीक्षकांनी नंतर सांगितले की त्यांतील कॅमेऱ्यांनी कोणाची ओळख पटणे शक्य नव्हते. पुन्हा तोच ठिपका.

बाल्टिमोरमधील कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांची एक संघटना, ‘लीडर्स ऑफ अ ब्युटिफुल स्ट्रगल’, अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनच्या साहाय्याने न्यायालयात गेली. प्रथम जिल्हा न्यायालयात आणि नंतर तीन न्यायाधीशांच्या पीठापुढे ती हरली. तोवर प्रयोग संपला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये शहराने करारही मोडला आणि आता खटल्यात उरले काय, असा पवित्रा घेतला. पण तपासाशी निगडित म्हणून काही छायाचित्रे जपून ठेवली होती. तेवढ्या धाग्यावर खटला जिवंत राहिला आणि चौथ्या विभागाच्या अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठापुढे गेला.

विमानाच्या बाजूचे म्हणणे येथे हलके लेखू नये. विरोधी मत लिहिणारे न्यायाधीश विल्किन्सन यांनी शहरातील खुनांकडे बोट दाखविले: ज्यांची मुले मारली जात आहेत त्यांच्या हातचे साधन आपण काढून घेत आहोत. बाल्टिमोरच्या कृष्णवर्णीय वस्तीतही विमान हवे म्हणणारे लोक होते. तरुण मुलाच्या शवपेटीशेजारी उभे राहून त्याच्या आईला सामोरे जाणे म्हणजे काय, हे कोणत्याही धर्मगुरूला ठाऊक असते. त्या आईने मला विचारले असते की, ज्याने माझ्या मुलाला मारले तो कोणत्या घरात शिरला हे वरून दिसणार असेल तर तुम्ही कॅमेरा का झाकता, तर घटनेची चौथी दुरुस्ती तिला वाचून दाखविण्याचे धैर्य मला झाले नसते. (२०२३ पासून विमानाविनाच खुनांची संख्या तीनशेच्या खाली आली. पण २०२० च्या त्या आईला हे कोण सांगणार होते?)

बहुमताचे निकालपत्र मुख्य न्यायाधीश रॉजर ग्रेगरी यांनी लिहिले. या न्यायालयावर बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश. ठिपक्याला नाव नसते हे त्यांनी मान्य केले. पण जो ठिपका रोज सकाळी एकाच घरातून निघतो आणि संध्याकाळी त्याच घरी परततो, त्याचे नाव शोधायला वेळ लागत नाही. तो कोणत्या डॉक्टरकडे थांबला, कोणत्या प्रार्थनामंदिरात गेला, कोणाच्या दारी रात्रीपूर्वी पोहोचला, हे सगळे ४५ दिवसांच्या चित्रांत पडून असते, आणि ते गुन्हा घडण्याच्या आधीच, सर्वांविषयी गोळा झालेले असते. वॉरंट तर एकाविषयीही नव्हते. ही झडतीच होय आणि ती घटनाविरोधी होय, असा निर्णय झाला. स्वतंत्र टिपणात त्यांनी या शहरातील वर्णभेदाचा इतिहासही मांडला.

मला यातील एक मुद्दा विशेष वाटतो. १९७२ साली टेटम यांना विचारले गेले होते, तुम्हांला इजा काय झाली ते दाखवा. २०२१ साली तसे विचारले गेले नाही. सर्वांच्या हालचाली टिपून साठविणे हेच पुरे ठरले. होलाबर्डचा संगणक आणि मॅकनट यांचे विमान यांच्या दरम्यान एकोणपन्नास वर्षे गेली, आणि तेवढ्यात न्यायाने एक पाऊल टाकले. तेही कसे? आठ विरुद्ध सात मतांनी.

फिलिप बेरिगन यांनी पुढे धर्मगुरुपद सोडले, विवाह केला, आणि वेस्ट बाल्टिमोरमधील ‘जोना हाऊस’ या समूहात राहून अण्वस्त्रांना विरोध करीत अनेकदा तुरुंगवास भोगला. ६ डिसेंबर २००२ रोजी ते तेथेच निवर्तले. त्या घराला लागून सेंट पीटर्स हे जुने कॅथलिक दफनस्थान आहे. झाडाझुडपांनी गिळलेल्या त्या जागेची निगा समूहातील मंडळींनी राखली, आणि बेरिगन यांचे दफनही तेथेच झाले. २०२० च्या उन्हाळ्यात ते विमान बहुधा त्याही कबरीवरून रोज गेले असेल. वर कॅमेऱ्यात, गवत कापणारा कोणी एक ठिपका.

निकालाची तारीख होती २४ जून २०२१. सेंट जॉन बाप्तिस्त यांच्या जन्माचा सण. एडवर्ड वॉरेनचा फुगा वर गेला त्याला त्या दिवशी २३७ वर्षे झाली होती. हा निकाल मेरीलँड, व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया आणि दोन्ही कॅरोलायना एवढ्या पाच राज्यांना बांधतो. त्यांच्या सीमेपलीकडील आकाशाला तो लागू नाही.